ऑनलाइन साधनांतून प्रोग्रॅमिंग, कॅड आणि सायंटिफिक कम्प्युटिंग शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत, कॉलेजात किंवा घरी मुलांना कोडिंग, थ्रीडी डिझाइन (कॅड) किंवा संगणकावरचं गणित (सायंटिफिक कम्प्युटिंग) शिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधनांची नावं ओघात येतील, पण सगळ्यांची ओळख करून देणं हा हेतू नाही. कोणतं साधन वर्गात काय दाखवतं आणि काय झाकून ठेवतं, यावर भर आहे.

साधनांचा एवढा पसारा आहे. निवड कुठून सुरू करायची?

विद्यार्थ्याला आत्ता काय दिसत नाहीये, इथून सुरुवात करा. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला मेमरीत काय चाललंय ते दिसत नाही. कॅड शिकणाऱ्याला मॉडेल दिसतं, पण ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बंधनांवर (कोणतं माप किंवा जागा कशाशी बांधली आहे यावर) उभं राहिलंय हे दिसत नाही. सायंटिफिक कम्प्युटिंगमध्ये उत्तर दिसतं, त्यातली त्रुटी दिसत नाही. जे साधन ही दडलेली गोष्ट पडद्यावर आणतं ते शिकवण्याच्या कामाचं. बॅज, गुणांच्या शर्यती, रंगीत डॅशबोर्ड यांचा विचार त्यानंतर.

आणि एका वर्गाला एका वेळी एकच मुख्य साधन पुरतं. तीन साइट्सचे पासवर्ड सांभाळण्यात अर्धा तास गेला तर शिकण्यासाठी उरतं काय?

ब्राउझरमधलं साधन वापरू की सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून घेऊ?

सुरुवातीला ब्राउझर. पहिल्याच तासाला कुणाचं इन्स्टॉलेशन अडकलं, कुणाकडे ॲडमिन पासवर्ड नाही, कुणाचा लॅपटॉप जुना, असं झालं की ज्यांना या विषयाची आधीच धास्ती आहे त्यांची ती पक्की होते. ब्राउझरमध्ये पाच मिनिटांत काहीतरी चालताना दिसतं आणि हा पहिला अनुभव मोलाचा असतो.

पण कायम तिथेच राहू नका. फाइल कुठे सेव्ह होते, फोल्डर म्हणजे काय, पॅकेज (तयार कोडचा संच) कसं टाकायचं, टर्मिनलमध्ये कमांड कशी द्यायची, हे सगळं ब्राउझरमधली साधनं आपल्या वतीने उरकून टाकतात. वर्षभर फक्त ऑनलाइन कोड लिहिलेल्या चांगल्या विद्यार्थ्यालाही स्वतःच्या मशीनवर डेटाची फाइल उघडता येत नाही, कारण प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये चालतोय हा प्रश्नच त्याच्यासमोर कधी आलेला नसतो. पायाभूत गोष्टी जमल्या की एखादा प्रकल्प मुद्दाम स्वतःच्या संगणकावर करायला लावा.

ऑनलाइन साधनात कोड नेमका चालतो कुठे? त्याने काय फरक पडतो?

बराच फरक पडतो, आणि साधन निवडताना हा प्रश्न फार कमी जण विचारतात. दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात कोड दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमचा ब्राउझर फक्त खिडकीचं काम करतो. गूगल कोलॅब, बाइंडर, मॅटलॅब ऑनलाइन ही या प्रकारातली. मशीन साधं असलं तरी चालतं, पण नेट गेलं की काम थांबतं, आणि विद्यार्थ्याचा डेटा दुसऱ्याच्या यंत्रावर जातो.

दुसऱ्या प्रकारात कोड विद्यार्थ्याच्याच ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम वेगाने चालवणाऱ्या वेबअसेंब्ली या तंत्रामुळे हे शक्य झालं. पायोडाइड हा पायथनचा ब्राउझरमध्ये चालणारा अवतार २०१८ साली मोझिलामध्ये आकाराला आला आणि जुपिटरलाइट हे नोटबुक (कोड आणि उत्तरं एकत्र ठेवणारं पान) त्यावरच उभं आहे. पहिल्यांदा पान उघडताना बरंच काही डाउनलोड होतं, म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकदा पान उघडायला सांगावं. त्यानंतर गणितं मुलांच्या मशीनवरच होतात. एकाच वेळी साठ जणांनी रन दाबलं तरी कुठल्या सर्व्हरवर ताण येत नाही. मोठा डेटा किंवा जड मॉडेल असेल तर मात्र हा प्रकार अपुरा पडतो, आणि पायथनची सगळीच पॅकेजेस तिथे चालत नाहीत.

लहान मुलांना ब्लॉक्सपासून शिकवू की थेट पायथन?

साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ब्लॉक्स. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ साली सर्वांसाठी खुलं झालेलं स्क्रॅच आजही या वयाला सर्वांत जवळचं वाटतं. त्याहून लहान, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर आहे. ब्लॉक्समध्ये कंस विसरला, स्पेलिंग चुकलं अशा चुका होतच नाहीत, त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष क्रम, पुनरावृत्ती आणि अटी यांच्याकडे राहतं.

ब्लॉक्सवरून टेक्स्टकडे कधी वळायचं याची खूण मुलंच देतात. मनात काय करायचं ते स्पष्ट असतं, पण ब्लॉक शोधून ओढत बसण्याचा कंटाळा येतो. स्क्रिप्ट इतकी लांबते की स्क्रोल करून करून हात दुखतो. अशा वेळी मेककोडसारखं साधन उपयोगी पडतं. त्यात एकच प्रोग्रॅम ब्लॉक्समध्ये आणि टेक्स्टमध्ये असा आलटून पालटून पाहता येतो. मायक्रोबिट या छोट्या बोर्डाच्या पाच बाय पाच दिव्यांवर एखादं चित्र लुकलुकवायचं आणि मग त्याचाच टेक्स्ट कोड उघडायचा, की आपण काही दिवस प्रोग्रॅमिंगच करत होतो हे मुलांच्या लक्षात येतं.

पायथनमधला टर्टलही इथे विसरू नये. पडद्यावर कासव फिरवून भूमिती शिकवायची कल्पना लोगो या भाषेच्या परंपरेतली. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती भाषा १९६७ मध्ये मुलांसाठी घडवली. चौरस काढताना वळण ९० अंशांचं, मग समभुज त्रिकोणाला किती? बहुतेक मुलं ६० म्हणतात, कासव भलतीकडे जातं आणि बाह्यकोन १२० अंशांचा का, हे ती स्वतः शोधून काढतात. फळ्यावर हे इतक्या लवकर पोचत नाही.

मुलं कोड चालवतात, उत्तरही येतं, पण काय झालं ते सांगता येत नाही. काय करावं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

रन दाबण्याआधी अंदाज लिहून घ्या, वहीत, पेनाने. कोड दाखवायचा, "काय छापलं जाईल?" विचारायचं, उत्तर लिहून झालं की मगच रन. अंदाज चुकला की विद्यार्थी जागा होतो, कारण आता त्याला स्वतःच्या मनातल्या चित्राशी भांडायचं असतं.

मग तोच कोड पायथन ट्यूटरमध्ये टाका. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं हे साधन कोड एकेका ओळीने पुढे नेतं, आणि मेमरीत काय बदललं याचं चित्र शेजारी काढून दाखवतं. मागेही जाता येतं, आणि वर्गात तेच जास्त उपयोगी पडतं.

एक उदाहरण जवळून बघू. 'अ' ही एक यादी आहे, तिच्यात १, २, ३. पुढच्या ओळीत 'ब बरोबर अ' असं लिहिलं. तिसऱ्या ओळीत 'ब'मध्ये ४ जोडला. आता 'अ' छापला तर? वर्गातली बरीच मुलं १, २, ३ लिहितात. पडद्यावर १, २, ३, ४ येतं आणि कुजबुज सुरू होते. पायथन ट्यूटरमध्ये दुसऱ्या ओळीवर थांबा: 'अ' आणि 'ब' या दोन नावांपासून निघालेले दोन बाण एकाच यादीवर टेकलेले दिसतात. नवी यादी तयार झालीच नव्हती, जुन्याच यादीला दुसरं नाव मिळालं होतं. हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे फंक्शनला यादी पाठवताना होणारे घोळ समजावून सांगावे लागत नाहीत.

रिकामी स्क्रीन पाहून गोठणाऱ्या मुलांसाठी पार्सन्स प्रॉब्लेम्स वापरा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या या प्रकारात कोडच्या ओळी दिलेल्या असतात, पण विस्कटलेल्या. त्या योग्य क्रमाने लावायच्या. टायपिंग नाही, विचार पूर्ण. ऑनलाइन ओढून लावायची सोय आहे आणि कागदाच्या पट्ट्या कापूनही तितकंच छान होतं.

मराठीतून कोड लिहिता येतो का?

काही प्रमाणात, हो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे 'बेरीज' किंवा 'वेग' अशी नावं बिनधास्त देता येतात. कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) मात्र इंग्रजीच, आणि कोडमध्ये लिहायचे आकडेही इंग्रजीच लागतात. गंमत म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेला '१२' पूर्णांकात बदलायला सांगितला तर पायथन तो निमूट बारा म्हणून स्वीकारतो. कीवर्डही आपल्या भाषेत असावेत या विचाराने केलेला प्रयोग म्हणजे फेलिएन हर्मान्स यांची हेडी ही शिकण्याची भाषा. ती अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि व्याकरण एकेका पातळीने कडक करत नेते.

एक छान धडा इथेच हाताशी येतो. 'मराठी' या शब्दाची लांबी पायथनला विचारा. मुलं तीन म्हणतात, पायथन पाच म्हणतो, कारण काना आणि दुसरी वेलांटी तो वेगळी मोजतो. युनिकोड (प्रत्येक चिन्हाला आकडा देणारी पद्धत) काय प्रकार आहे हे समजावायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

आलेखांमध्ये मात्र सांभाळून. मॅटप्लॉटलिब या पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या पॅकेजच्या डीफॉल्ट फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे अक्षांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. फॉन्ट बदलावा लागतो, आणि तरीही वेलांट्या व जोडाक्षरं नीट बसलीत का ते डोळ्यांनी तपासावं लागतं.

जुपिटर नोटबुकमध्ये काल चाललेला कोड आज एरर देतो. असं का?

कारण नोटबुकमधल्या सेल (कोडचे सुटे तुकडे) कोणत्याही क्रमाने चालवता येतात, आणि पडद्यावर काय लिहिलंय त्याच्याशी मेमरीत काय आहे त्याचा मेळ राहीलच असं नाही. विद्यार्थ्याने एका सेलमध्ये 'दर'ची किंमत ठरवली, खालच्या सेलमध्ये ती वापरली, मग वरची सेल नको म्हणून पुसून टाकली. तरी खालची सेल चालत राहते, कारण कर्नलला (मागे कोड चालवणाऱ्या प्रक्रियेला) 'दर' आठवतो. दुसऱ्या दिवशी नवा कर्नल सुरू होतो, त्याला काहीच आठवत नाही, आणि 'असं नाव माहीत नाही' अशी एरर येते. विद्यार्थी म्हणतो, "मी काहीच बदललं नाही", आणि तो खरंच बोलत असतो.

सेलच्या डावीकडच्या चौकटी कंसातले आकडे वाचायला शिकवा. वरच्या सेलवर ७ आणि खालच्या सेलवर ३ दिसला की क्रम उलटासुलटा झालाय हे कळतं. आणि नियम करा: काम जमा करण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून सगळ्या सेल वरपासून खालपर्यंत चालवायच्या. यात अडकलं तर काम अपुरं.

ज्युलिया भाषा वापरत असाल तर प्लुटो हे नोटबुक पाहा. त्यात एक सेल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या सेल आपोआप पुन्हा चालतात आणि पुसलेल्या सेलमधलं नावही पुसलं जातं. पायथनसाठी मारिमो हाच विचार पुढे नेतं. अगदी नवख्यांसाठी मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण जे दिसतं तेच मेमरीत असतं.

कोलॅबमध्ये अपलोड केलेली डेटाची फाइल दुसऱ्या दिवशी गायब झाली. परत मिळेल?

नाही. नोटबुक ड्राइव्हमध्ये राहतं, पण अपलोड केलेली फाइल तात्पुरत्या मशीनवर असते आणि सेशन संपलं की ते मशीनच मोडीत निघतं. मोफत सेशन फार तर १२ तास टिकतं, काहीच न करता सोडलं तर त्याच्या बरंच आधी तुटतं. फाइल ड्राइव्हवर ठेवा आणि तिथून वाचा. बाइंडर तर याहून उतावळं आहे, साधारण १० मिनिटं हालचाल नसली की बंद.

कॅड शिकवायला टिंकरकॅड घेऊ की ऑनशेप?

शिकणाऱ्याने पुढे काय करायचं आहे त्यावर अवलंबून. टिंकरकॅड २०११ मध्ये आलं, २०१३ पासून ते ऑटोडेस्क कंपनीकडे आहे. ठोकळे, दंडगोल, शंकू एकमेकांत घालून आकार घडवायचे आणि 'होल' लावून भोकं पाडायची. अर्ध्या तासात मूल नावाची पाटी तयार करतं आणि त्रिमितीत विचार करायला लागतं. शालेय वयाला उत्तम.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना मात्र पॅरामेट्रिक कॅड हवं, म्हणजे जिथे प्रत्येक आकारामागे मापं आणि बंधनं असतात आणि माप बदललं की आकार स्वतःहून जुळवून घेतो. ऑनशेप हे पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालणारं असं साधन. सॉलिडवर्क्स या कॅड कंपनीची स्थापना करणारे जॉन हर्शटिक यांच्या चमूने ते उभारलं आणि २०१९ मध्ये पीटीसी या कंपनीने विकत घेतलं. सेव्हचं बटणच नाही, प्रत्येक बदल इतिहासात नोंदला जातो. शिक्षकासाठी हे वरदान आहे: तयार भागापेक्षा तो कसा घडत गेला हे पाहता येतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणाचं तरी कॉपी केलेलं मॉडेलही लपत नाही. फक्त लक्षात ठेवा, मोफत वैयक्तिक प्लॅनमध्ये केलेलं डॉक्युमेंट सर्वांना दिसतं. विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक प्लॅन घ्या.

नेटचा भरवसा नसेल तर फ्रीकॅड इन्स्टॉल करा. ते ऑनलाइन नाही, पण मुक्त आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आधी स्केच (मूळ रेखाटन) बदललं की त्यावर केलेली पुढची फीचर्स (भोक पाडणं, उंची देणं अशा क्रिया) भलत्याच पृष्ठभागाला जाऊन चिकटायची, तो जुना त्रास तिच्यात बराच कमी झालाय.

मॉडेल बरोबर दिसतं, मग बंधनांवर एवढा वेळ का घालवायचा?

दिसणं आणि असणं यांतलं अंतर एका माप-बदलात उघडं पडतं, म्हणून.

६० बाय ४० मिलिमीटरची, ५ मिलिमीटर जाडीची पट्टी करायला द्या, मधोमध १० मिलिमीटर व्यासाचं भोक. एक विद्यार्थी भोकाचं केंद्र डाव्या कडेपासून ३० मिलिमीटरवर ठेवतो. दुसरा मध्यरेषा काढून केंद्र तिच्यावर बांधतो. पडद्यावर दोन्ही पट्ट्या हुबेहूब. आता सांगा, "लांबी ८० करा." पहिल्याचं भोक डावीकडून ३० वरच अडकून पडतं, दुसऱ्याचं आपोआप ४० वर, म्हणजे मध्यावर सरकतं. 'मधोमध' हा हेतू पहिल्याने आकड्यात गाडून टाकला, दुसऱ्याने मॉडेलला सांगितला.

तपासताना शिक्षकानेही फसू नये. लांबी ८० केल्यावरही घनफळ दोन्ही पट्ट्यांचं एकच येतं, साधारण १५,६०७ घन मिलिमीटर, कारण भोक कुठेही असलं तरी कापलेला भाग तेवढाच. फरक दिसतो तो गुरुत्वमध्यात. म्हणून फक्त घनफळ किंवा वस्तुमान न विचारता एक माप बदलायला सांगून गुरुत्वमध्यही विचारा.

ऑनशेपच्या स्केचमध्ये निळी रेषा म्हणजे अजून मोकळी, काळी म्हणजे पूर्ण बांधलेली, लाल म्हणजे बंधनं एकमेकांशी भांडताहेत. मुलांना निळी रेषा माउसने ओढून बघायला सांगा. ती कुठे कुठे सरकते ते पाहिलं की कोणतं बंधन राहिलंय ते सांगावं लागत नाही. स्केचला बंधनं घालायची ही कल्पना नवी नाही, आयव्हन सदरलँड यांच्या १९६३ च्या स्केचपॅड या प्रोग्रॅममध्ये ती होती.

विद्यार्थ्यांकडून फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये घ्यावी?

थ्रीडी प्रिंटिंगसाठी एसटीएल चालेल, पण त्यात फक्त त्रिकोण असतात: वर्तुळाचा बहुभुज होतो आणि एकक लिहिलेलंच नसतं. इंचात काढलेलं मॉडेल मिलिमीटर समजून उघडलं तर २५.४ पट लहान दिसतं. दुसऱ्या कॅडमध्ये न्यायचं असेल तर स्टेप हा फॉरमॅट घ्या, त्यात खरे वक्र पृष्ठभाग टिकतात. मात्र स्केच आणि फीचर्सचा क्रम स्टेपमध्येही जात नाही. गुण द्यायचे असतील तर मूळ डॉक्युमेंटच शेअर करून घ्या.

प्रोग्रॅमिंग आणि कॅड एकत्र शिकवता येईल असं काही आहे?

आहे, आणि ते माझं आवडतं आहे. ओपनएसकॅडमध्ये मॉडेल म्हणजे सरळ कोड. ठोकळा लिहायचा, त्यातून दंडगोल वजा करायचा, लूप (पुनरावृत्ती) लावून बारा भोकं वर्तुळावर मांडायची. लूपचा आकडा १२ वरून २० केला की समोरची चकती बदलते. ज्यांना लूप रुक्ष वाटतो त्यांना तो इथे हाताला लागतो. ब्राउझरमध्ये चालणारं प्लेग्राउंडही आहे. गोलाई, नाजूक वक्र यांसाठी मात्र ते अवघड जातं. पायथन येणाऱ्यांनी पुढे कॅडक्वेरी हे पायथनमधून चालणारं कॅड पाहावं.

सर्किट आणि मायक्रोकंट्रोलर सिम्युलेटरवर शिकवलं तर पुरेल?

ओळख करून द्यायला पुरेल. टिंकरकॅडच्या सर्किट्स विभागात आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, वोक्वी या सिम्युलेटरमध्ये ईएसपी३२ हा बोर्डसुद्धा. रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर पडद्यावर समजतं, खरा जळत नाही. पण सैल वायर, सेन्सरचं थरथरतं रीडिंग, बटण दाबल्यावर होणारी एकाहून जास्त नोंद या गोष्टी प्रत्यक्ष बोर्डावरच भेटतात.

मॅटलॅब, ऑक्टेव्ह, पायथन, ज्युलिया. सायंटिफिक कम्प्युटिंगसाठी काय निवडू?

संस्थेकडे मॅटलॅबचं लायसन्स असेल आणि पुढचे विषय त्यातच असतील तर मॅटलॅब. लायसन्स नसेल आणि अभ्यासक्रम मॅटलॅबचा असेल तर ऑक्टेव्ह, बहुतेक मूळ कोड तसाच चालतो आणि ऑक्टेव्ह ऑनलाइन ब्राउझरमध्ये उघडतं. मोकळी निवड असेल तर पायथन, कारण विद्यार्थी तेच पुढे कुठेही नेऊ शकतो. ज्युलिया सुंदर भाषा आहे, पण तुम्हाला स्वतःला ती सरावाची असेल तरच वर्गात आणा.

मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह दोन्हींचा जन्म शिकवण्यातूनच झाला. मॅटलॅब घडवणारे क्लीव्ह मोलर यांना आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान या जुन्या भाषेत न अडकवता मॅट्रिक्सची गणितं करू द्यायची होती, आणि ऑक्टेव्हची सुरुवात रासायनिक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला पूरक साधन म्हणून झाली. साधन बदलताना एक चूक हमखास होते: मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि ज्युलियात मोजणी १ पासून, पायथनमध्ये ० पासून. पहिल्या दिवशीच दोन्ही शेजारी लिहून दाखवा.

एखादंच गणित करून दाखवायचं असेल तर सेजमॅथसेल उघडा. खातं लागत नाही.

पडद्यावर उत्तर आलं म्हणजे बरोबर ना?

नाही. आणि हे शिकवलं नाही तर सायंटिफिक कम्प्युटिंग शिकवलंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिला धक्का द्यायला ०.१ आणि ०.२ ची बेरीज पुरेशी आहे. पायथन ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो. दशांशातला ०.१ द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, हे इथून सुरू करता येतं.

दुसरा धक्का जास्त खोल. गरम पाणी ९० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर, आणि दर मिनिटाला तापमान खोलीशी असलेल्या फरकाच्या ०.१ पट वेगाने उतरतं. १० मिनिटांनी किती? कॅल्क्युलस ५२.०७ सांगतं. ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे पावलाच्या सुरुवातीचा वेग पूर्ण पावलभर तसाच धरून, एकेक मिनिटाची पावलं टाकली तर ५०.९२ येतं. पाच मिनिटांची पावलं टाकली तर ४५. पाऊल ०.१ मिनिटाचं केलं तर ५१.९६. इथवर मुलं समजून जातात, लहान पाऊल म्हणजे चांगलं उत्तर.

आता पाऊल २५ मिनिटांचं करायला सांगा. पहिल्याच पावलाला पाणी उणे ६० अंशांवर जातं, दुसऱ्याला १६५ अंशांवर. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, आलेखही व्यवस्थित निघतो. संगणकाने सांगितलं तेच केलं. उत्तर अशक्य आहे हे फक्त भौतिकशास्त्र जाणणारा माणूस सांगू शकतो. नोटबुकमध्ये पावलाच्या लांबीला स्लायडर लावा आणि मुलांच्या हातात द्या. पाऊल १० मिनिटांपुढे गेलं की पाणी खोलीपेक्षा थंड होऊन वरखाली डोलायला लागतं, २० च्या पुढे ते डोलणं वाढतच जातं. या दोन सीमा मुलं स्वतः शोधतात आणि मग त्यामागचं बीजगणित ऐकायला तयार असतात.

तपासणीसाठी ऑटोग्रेडर (कोड आपोआप तपासणारं साधन) वापरावा का?

सरावासाठी जरूर. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या साधनातलं कोडरनर, जुपिटरसाठी एनबीग्रेडर, मॅटलॅबचं ग्रेडर ही रुळलेली साधनं आहेत. विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजताही लगेच उत्तर मिळतं, ही मोठी गोष्ट आहे.

मेहनत घ्यायची ती टेस्टच्या संदेशांवर. "चूक" यापेक्षा "यादी रिकामी असताना तुमचं फंक्शन काय परत करतं ते पाहा" हा संदेश शिकवतो. काही टेस्ट लपवलेल्या ठेवा, नाहीतर दिसणारी उत्तरं थेट छापून मोकळे होणारे निघतात. दशांश उत्तरं तपासताना 'अगदी समान' न विचारता 'इतक्या फरकात समान' विचारा, कारण वरच्या प्रश्नात आलंच. नावं नीट आहेत का, कोड वाचता येतो का, हे माणसानेच पाहायचं.

विद्यार्थी एआयकडून कोड लिहून घेतात. काय करू?

एरर मेसेजचा अर्थ विचारायला ते चांगलं आहे, मुलं अडून बसत नाहीत. पूर्ण उत्तर घेतलं तर मात्र शिकण्याचा भागच गळून जातो. बंदी घालून फारसं साधत नाही. जमा झालेल्या कामावर समोरासमोर पाच मिनिटं बोला: ही ओळ काढली तर काय होईल, यादीऐवजी एकच आकडा आला तर कुठे अडेल, आत्ता हा बदल करून दाखव. ज्याने समजून घेतलंय तो करतो, मग मदत कुठूनही घेतलेली असो. मोठा वर्ग असेल तर दर आठवड्याला थोड्याच मुलांना असं बोलवा, पण कुणाचा नंबर लागेल ते आधी सांगू नका.

लहान मुलांच्या खात्यांचं काय?

बऱ्याच सेवा १३ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतात. टिंकरकॅडमध्ये शिक्षकाने वर्ग तयार केला की मुलं वर्गाचा कोड आणि टोपणनाव टाकून आत येतात, ईमेल लागत नाही. स्क्रॅचमध्येही शिक्षक खातं आहे. टोपणनावात आडनाव, शाळा, जन्मवर्ष घालू देऊ नका.

फक्त मोबाइल असेल तर?

जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही गणिताची साधनं फोनवर छान चालतात, ऑनशेपचं ॲप आहे पण मॉडेल बघायलाच सोयीचं. कोड लिहायला फोन त्रासदायकच, कंस आणि इंडेंटेशन जीव खातात. अशा वेळी पार्सन्स प्रॉब्लेम्स आणि अंदाज-लिहा प्रकारचे प्रश्न फोनवर द्या आणि टायपिंग कीबोर्ड मिळेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.

आपण ज्यावर सगळे धडे बांधले ते साधनच बंद पडलं तर?

पडतातच. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्राचा आधार संपला आणि त्यावर बांधलेले असंख्य शैक्षणिक प्रयोग एका फटक्यात निकामी झाले. स्क्रॅच वाचलं, कारण २०१९ च्या सुरुवातीलाच त्याची ३.० ही आवृत्ती फ्लॅश सोडून नव्याने लिहिलेली होती. ग्लिच या ऑनलाइन कोडिंग साइटने २०२५ मध्ये प्रकल्प चालवणं थांबवलं.

म्हणून धड्याचा गाभा साध्या टेक्स्टमध्ये ठेवा: प्रश्न, अपेक्षित अंदाज, कोड. पायथनची फाइल, ओपनएसकॅडची फाइल कुठेही उघडते. जुपिटर नोटबुकही आतून टेक्स्टच असतं. कॅडची मॉडेल्स सत्र संपताना मूळ रूपात आणि स्टेपमध्ये, दोन्ही उतरवून ठेवा. स्क्रॅचचे प्रकल्पही डाउनलोड करता येतात आणि ऑफलाइन ॲपमध्ये उघडतात. ही उतरवून घेण्याची सवय विद्यार्थ्यांनाही लावा, कारण खातं संस्थेचं असेल तर ती सोडल्यावर ते बंद होतं आणि वर्षभराचं काम त्याच्याबरोबर जातं. शेवटच्या आठवड्यात एक तास फक्त यासाठी राखून ठेवा: सगळं डाउनलोड करायचं, दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं, चाललं की मगच सत्र संपलं.